सेल, चार्जर आणि बाबांची बॅटरी

अमेरिकेत आल्यावर जे शब्द मला नव्याने शिकावे लागले त्यांत 'बॅटरी' हा एक. आमच्या कराडला बॅटरी म्हणजे हातात धरायची, पुढे काच असलेली, रात्री परसात जाताना न्यायची वस्तू. तिच्यात जे घालतात ते सेल. १९९९ साली, वायटूकेच्या लाटेवर तरंगत मी न्यू जर्सीत येऊन पडलो. पहिल्याच उन्हाळ्यात एका रात्री अपार्टमेंटमधले दिवे गेले. मी चाचपडत शेजारच्या गोऱ्या आजोबांचं दार वाजवलं आणि माझ्या उत्तम इंग्रजीत विचारलं, "एखादी बॅटरी आहे का हो?" आजोबा मोठे सज्जन. आत गेले आणि दोन सेल आणून माझ्या हातावर ठेवले. मी "थँक्यू" म्हणून ते दोन सेल मुठीत धरून, तसाच चाचपडत परत आलो.

असो. नमनाला घडाभर तेल झालं. पण आजचा विषय सेलचाच आहे. घरात कोणते सेल घ्यावेत, चार्जर कसला घ्यावा, असलं कुणी विचारलं की मी जरा जास्तच बोलतो असं आमच्या हिचं म्हणणं आहे. त्याला कारण आहे, ते पुढे येईलच.

बाबा एमएसईबीत होते. १९९७ साली निवृत्त झाले. २००५ साली मंडळाच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, महावितरण आलं, पण बाबांच्या तोंडी अजूनही 'बोर्ड'च आहे. ज्याच्या घरचा माणूस बोर्डात त्याच्याकडे दिवे जात नाहीत अशी गल्लीत समजूत होती. ती साफ खोटी होती. उलट दिवे गेले की लोक आमच्याच दारात येत, त्यामुळे बाबांना स्वतःची बॅटरी कायम सज्ज ठेवावी लागे. तीन सेलची, लांबलचक, चकचकीत. रात्री ती उशाशी असायची आणि तिला हात लावायची आम्हां पोरांना बंदी होती.

सेल उतरायला लागले की बाबा ते दुपारभर पत्र्यावर उन्हात ठेवत. मग पुढचा सेल मागे, मागचा मधे, अशी अदलाबदल. इंजिनियरिंगला गेल्यावर मी या प्रकाराला हसलो होतो. पण ऊन्हाचं तरी निव्वळ अंधश्रद्धा नव्हतं. साध्या जस्त-कार्बनच्या सेलला ऊब मिळाली की आतली रासायनिक क्रिया जरा जोर धरते आणि चार दिवस जास्त निघतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट मला तेव्हा कळली नव्हती. बाबांना त्या बॅटरीची भाषा येत होती. उजेड पांढुरका असला की सेल नवे. पिवळा पडला की आठवडा आहे. तांबूस झाला की आज दुकानात जायला हवं. ती बॅटरी कधीही न सांगता गेली नाही.

माझा रिचार्जेबल सेलशी संबंध आला तो २००२ मध्ये डिजिटल कॅमेरा घेतल्यावर. त्या वेळच्या कॅमेऱ्यांना चार-चार पेन्सिल सेल लागायचे आणि एका वाढदिवसात ते फस्त व्हायचे. केक कापेपर्यंत सगळं ठीक, आणि फुंकर मारायच्या क्षणी पडदा काळा. मग मी चार निकेल-मेटल हायड्राइडचे सेल आणि एक चार्जर आणला. खूश झालो. २००४ साली कराडला गेलो तेव्हा तो चार्जर मोठ्या ऐटीत घेऊन गेलो आणि ओसरीवरच्या प्लगला, पिनांचं अडॅप्टर लावून, बाबांच्या देखत लावला. फट्ट. निळा धूर. बाबांनी चष्मा लावला, चार्जर उलटा केला आणि पाठीवरचं बारीक अक्षर मोठ्यांदा वाचलं. "इनपुट १२० व्होल्ट. अरे, लिहिलंय की यावर." आमच्याकडे २३० व्होल्ट. बी.ई. इलेक्ट्रॉनिक्स, फर्स्ट क्लास. तेव्हापासून कुठलाही चार्जर घेताना मी आधी पाठ वाचतो. '१००-२४०' असेल तरच पुढचं बोलणं. भारतात जाणं-येणं असलेल्या प्रत्येकाने हे करावं. पिनांचं अडॅप्टर फक्त पिना बदलतं, व्होल्ट बदलत नाही.

आता मुख्य गोष्ट. २०११ च्या थँक्सगिव्हिंगला मी सेलमध्ये सेल घेतले (हा विनोद मी दर वर्षी करतो, सवय करून घ्या). तोवर घरात पोराच्या खेळण्यांची आगगाडी, तिचा रिमोट, हिचा वजनकाटा, तीन-चार बॅटऱ्या असा सगळा संसार झाला होता. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने सांगितलं होतं, "सान्योचे एनेलूप घे." दुकानात दोन्ही पाकिटं शेजारी टांगलेली. एनेलूपवर लिहिलेलं २००० एमएएच, आणि शेजारच्यावर २७००. किंमत त्याचीच कमी. २७०० मोठे की २००० मोठे? चौथीतलं पोरही सांगेल. मी २७०० चे आठ घेतले, त्याबरोबर एक स्वस्तातला चार्जर फुकट होता, आणि सहकाऱ्याला जपानी मालाचं वेड आहे असा निष्कर्ष काढून घरी आलो.

पुढच्या वर्षी आई-बाबा आले. सहा महिन्यांसाठी. ऑक्टोबरच्या शेवटी सँडी वादळ येणार म्हणून चार दिवस टीव्हीवर दुसरं काही नव्हतं. सोमवार, २९ ऑक्टोबर २०१२. कालनिर्णयात त्या दिवशी कोजागरी होती. पौर्णिमा म्हणजे मुळातच मोठी भरती, त्यात वादळाने लोटलेलं पाणी. संध्याकाळी वादळ अटलांटिक सिटीजवळ ब्रिगँटीनला किनाऱ्यावर चढलं. आम्ही एडिसनला, किनाऱ्यापासून बरेच आत, पण वारा असा की मागच्या अंगणातला ओक खिडकीत येतो की काय असं वाटत होतं. हिने तरी गॅसवर दूध आटवायला ठेवलंच होतं. चंद्र नाही तर नाही.

साडेआठच्या सुमाराला दिवे गेले. आई म्हणाली, "आता कसं घरी आल्यासारखं वाटतंय." हिने समई लावली. आणि बाबा उठले. बोर्डाचा माणूस, दिवे गेल्यावर बसून कसा राहणार? त्यांना तळघरात जाऊन मेन स्विच बघायचा होता, आणि पंप बंद पडल्यामुळे तळघरात पाणी येतंय का तेही. दुसरी शंका अगदी बरोबर होती. ती मला सुचायला हवी होती. मी त्यांना एलईडीची बॅटरी दिली. संध्याकाळीच दोन सेकंद लावून बघितली होती, लख्ख. देताना वर म्हणालो, "घ्या, तुमच्या त्या तीन सेलच्या दहापट उजेड आहे." बाबांनी उजेड बघितला. पांढराशुभ्र. त्यांच्या भाषेत याचा अर्थ सेल नवे.

जिन्याच्या मध्यावर ती विझली. मिणमिणली नाही, पिवळी झाली नाही. एका क्षणी होती, पुढच्या क्षणी नव्हती. तळघराचे जिने इथे उभे आणि अरुंद असतात, अनोळखी माणसाला दिवसासुद्धा जपूनच उतरावे लागतात. शेवटच्या चार पायऱ्या बाबा पडले. आवाज ऐकून मी समई घेऊन धावलो. ते भिंतीला टेकून बसले होते, डावं मनगट उजव्या हातात धरून, आणि पहिलं वाक्य काय? "पाणी नाही आलेलं."

रस्त्यांवर झाडं पडलेली, बाहेर पडण्यात अर्थ नव्हता. शेजारचे गुजराती डॉक्टर आले. ते दातांचे डॉक्टर, पण त्या रात्री आम्हाला तेच धन्वंतरी. त्यांनी एका जाड मासिकाची गुंडाळी करून मनगटाला बांधली. रात्रभर बाबा झोपले नाहीत, कण्हलेही नाहीत. मी शेजारी बसून होतो आणि ती मेलेली बॅटरी हातात घेऊन उगाच बटण दाबत होतो. दुसऱ्या दिवशी जनरेटरवर चाललेल्या इस्पितळात एक्स-रे निघाला, हाड मोडलेलं होतं, सहा आठवडे प्लास्टर. प्रवासी विम्याने किती दिले आणि किती नाही हे लिहायला बसलो तर तो वेगळा लेख होईल. आमचे दिवे आठ दिवसांनी आले. त्या आठ दिवसांत गावात कुठल्याही दुकानात एक सेल मिळत नव्हता, आणि पेट्रोल गाडीच्या नंबरप्रमाणे सम-विषम तारखांना. दोन आठवड्यांनी दिवाळीत बाबांना अभ्यंगस्नान घालताना डाव्या हाताला प्लास्टिकची पिशवी बांधली होती.

त्या दरम्यान मी जे आधी वाचायला हवं होतं ते सगळं वाचलं. ते इथे सांगतो.

जुन्या पद्धतीचे निकेल-मेटल हायड्राइड सेल नुसते पडून राहिले तरी उतरतात. महिन्याला वीस-तीस टक्के सहज. आणि तेवढ्याच नळीत जास्त माल कोंबायचा तर मधला पडदा पातळ करावा लागतो, त्यामुळे मोठ्या आकड्याचे सेल त्यात जास्तच गळके असायचे. माझे सेल मी जुलैत चार्ज केले होते. ऑक्टोबरअखेर त्यांत काय उरणार? सान्योने नोव्हेंबर २००५ मध्ये जे एनेलूप आणले त्याची करामतच ही होती की ते वर्षभर पडून राहिले तरी बहुतेक चार्ज टिकवून धरतात. आकडा लहान, पण तिजोरीला भोक नाही. माझ्या सहकाऱ्याला नेमकं हेच म्हणायचं होतं. मी त्याला पुढे विचारलंच नाही.

दुसरी गोष्ट, या सेलची मरायची पद्धत. साध्या अल्कलाइन सेलचा दाब दीड व्होल्टपासून सावकाश उतारावरून खाली येतो, त्यामुळे वस्तू आधी कुरकुरते. निकेलवाला सेल जवळजवळ शेवटपर्यंत सव्वा व्होल्टच्या आसपास सपाट चालतो आणि मग कड्यावरून खाली. कॅमेऱ्याला हे वरदान आहे. जिन्यात उभ्या असलेल्या त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाला नाही. 'दीडऐवजी सव्वाच व्होल्ट, मग चालेल का?' असं लोक घाबरून विचारतात. बहुतेक वस्तूंना चालतं, कारण अल्कलाइन सेलही अर्ध्यात आला की तिथेच आलेला असतो. घाबरायचं तर त्या कड्याला घाबरावं.

तिसरी, माझ्या बॅटरीत तीन सेल होते, त्यांतले दोन नवे आणि एक जुना, सापडला म्हणून घातलेला. सेल एकामागे एक लावले की सगळ्यांतून तोच करंट जातो. जो अशक्त तो आधी रिता होतो, पण बाकीचे दोघे त्याला ढकलत राहतात आणि त्याची ध्रुवताच उलटी होते. असा एकदा उलटा झालेला सेल पुढे कायमचा दुबळा राहतो. एकत्र कुटुंबात एकाच भावावर सगळं आलं की होतं तसं. बाबांची ती सेलची अदलाबदल निरुपयोगी असेल, पण तिन्ही सेल ते कायम एकदम, एकाच दुकानातून, एकाच दिवशी आणत. निम्मं शास्त्र त्यातच आलं.

आणि चौथी, तो फुकटचा चार्जर. त्यात सेल जोडीनेच बसायचे. तीन सेलची बॅटरी आणि दोन-दोनचा चार्जर, म्हणजे तिसऱ्याच्या जोडीला नेहमी कुणीतरी अर्धवट भरलेला. जोडीतला एक पोटभर जेवून उठलेला आणि एक उपाशी, आणि चार्जर दोघांनाही सारखंच वाढतो. शिवाय तो घड्याळावर चालायचा. इतके तास झाले की हिरवा दिवा. सेल भरला की नाही याच्याशी त्याला कर्तव्य नाही. चांगला चार्जर प्रत्येक सेलकडे स्वतंत्र बघतो. निकेलवाला सेल भरत जाताना त्याचा दाब चढत जातो आणि पूर्ण भरल्यावर अगदी किंचित, काही मिलिव्होल्ट, घसरतो आणि सेल गरम व्हायला लागतो. चार्जर ती घसरण हेरून थांबतो. दूध गॅसवर ठेवून घड्याळ लावून आत जाणारा आणि दुधाकडे बघत उभा राहणारा, यांत जो फरक तोच. घरोघरी दूध कोण उतू घालवतं हे सांगायला नको.

इथे एक गैरसमज आहे. जितकं सावकाश चार्ज कराल तितकं सेलला चांगलं असं वाटतं, मलाही वाटायचं. पण फारच सावकाश केलं तर ती भरल्याची खूण इतकी पुसट होते की चार्जरला दिसतच नाही. दोन हजारच्या पेन्सिल सेलला ५०० ते १००० मिलिअँपिअर बरं. म्हणजे अडीच ते पाच तास. पंधरा मिनिटांत भरणारे पंखेवाले चार्जर मिळायचे, त्यांतून निघालेला सेल भाकरीसारखा भाजलेला असायचा. ती घाई कुणाला असते?

२०१३ च्या जानेवारीत मी सेलची क्षमता मोजणारा चार्जर आणला आणि घरातला एकेक सेल तपासला. २७०० लिहिलेल्यांपैकी सर्वांत चांगला १९००, बरेचसे तेराशेच्या घरात आणि एक ६००. तो ६०० वाला कुठल्या बॅटरीतून निघाला होता ते सांगत नाही. सगळे हार्डवेअरच्या दुकानातल्या सेल परत घेण्याच्या खोक्यात टाकून आलो आणि बारा एनेलूप घेतले. आता त्यांच्यावर पॅनासॉनिकचं नाव असतं. सान्यो त्यांनी घेतली. पुढे तसेच टिकाऊ सेल बऱ्याच कंपन्यांनी काढले. पाकिटावर 'आधीच चार्ज केलेले' किंवा 'वर्षभर चार्ज टिकतो' असं लिहिलेलं बघा. जो सेल दुकानात महिनोन्महिने टांगूनही भरलेला राहतो तो तुमच्या खणातही राहील. पेन्सिल सेलवर तीन हजाराच्या पुढचा आकडा दिसला तर पाकीट शांतपणे परत टांगावं, त्या नळीत तेवढं मावत नाही. टॉर्चच्या मोठ्या जाड सेलमध्ये तर मोठी गंमत असते. काहींच्या आत चक्क एक पेन्सिल सेल असतो आणि बाकी पोकळी. आकडा अडीच हजाराच्या आसपास असेल तर समजा. खऱ्या मोठ्या सेलचा आकडा आठ-दहा हजार असतो आणि हातात घेतला की वजन कळतं, नारळ निवडताना कळतं तसं.

आमच्याकडे आता प्रत्येक सेलवर न पुसणाऱ्या शाईने महिना, साल आणि एक अक्षर लिहिलेलं असतं. 'क' चे तिघे बॅटरीत, 'ख' चे चौघे आगगाडीत. एकाच अक्षराचे एकत्र राहतात, एकत्र चार्ज होतात, एकत्र निवृत्त होतात. चिरंजीव लहान असताना त्याला क-ख-ग यामुळेच आलं असा माझा दावा आहे. मराठी शाळेच्या बाईंना तो मान्य नाही.

पण सगळीकडे रिचार्जेबल घालत सुटू नये. मी सुटलो होतो. भिंतीवरच्या घड्याळाचं गणित करून बघा. इथे एक चांगला रिचार्जेबल सेल पाच डॉलरच्या आसपास पडतो, घाऊक पाकिटातला अल्कलाइन अर्ध्या डॉलरच्या आसपास. म्हणजे एकाच्या भावात दहा. घड्याळ वर्षाला एक सेल खातं. पैसे वसूल व्हायला दहा वर्षं. आगगाडी आठवड्याला दोन खाते, तिथे अडीच महिन्यांत वसूल, शिवाय चार्जरचे पैसे. वीज धरायचीच नाही. वीस सेंट युनिट धरला तरी एक सेंटमध्ये पेन्सिल सेल दहा वेळा भरतो. तेव्हा ज्या वस्तू भराभर खातात, म्हणजे खेळणी, फ्लॅश, रोजच्या वापरातली बॅटरी, वायरलेस माऊस, तिथे रिचार्जेबल. घड्याळ आणि रिमोटमध्ये साधे. मात्र साधे सेल गळतात आणि आत पांढरं किटण धरतं, म्हणून वर्षातून एकदा झाकण उघडून बघावं. कराडचा बाबांचा ट्रान्झिस्टर असाच गेला. थोडक्यातलं असेल तर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस कापसावर घेऊन पुसलं तर स्प्रिंग वाचते, ट्रान्झिस्टरच्या बाबतीत उशीर झाला होता. निकेलवाले या बाबतीत पुष्कळ सभ्य. तेव्हा महागाची वस्तू असेल तर मी गणित बाजूला ठेवून रिचार्जेबलच घालतो.

धुराच्या अलार्ममध्ये रिचार्जेबल कधीही नाही. त्याच्या माहितीपत्रकातच तसं लिहिलेलं असतं आणि कारण तेच, कडा. सेल उतरताना तो अलार्म जो 'चिक्' करून रात्री तीन वाजता आपली झोप उडवतो, त्याला अल्कलाइनचा सावकाश उतार लागतो. निकेलवाला 'चिक्' करायला पुरेसे दिवस देईलच असं नाही. आता दहा वर्षांचा सेल आत सील केलेले अलार्म मिळतात, आम्ही तेच बसवले. बाबांच्या रक्तदाबाच्या यंत्रातही मी साधे अल्कलाइनच ठेवतो. त्याचा सेलचा इशारा अल्कलाइनच्या हिशेबाने लावलेला असल्याने आमच्या यंत्रात निकेलवाले भरलेले असतानाही 'सेल संपत आले' दाखवायचं, आणि मग यंत्राचं खरं मानायचं की नाही अशी शंका आली की आई दाबाच्या आकड्यावरही शंका घेते. वादळाच्या पेटीत एकदाच वापरायचे लिथियमचे सेल. महाग, पण वर्षानुवर्षं पडून राहतात, गळत नाहीत, थंडीत गारठत नाहीत.

हल्ली बुडाशी यूएसबी-सीचं भोक असलेले दीड व्होल्टचे लिथियम सेलही निघालेत. आत खरं तर ३.७ व्होल्टचा सेल आणि तो दाब दीडवर उतरवणारं छोटं सर्किट. शेवटपर्यंत बरोबर दीड व्होल्ट, मग धाडकन शून्य. म्हणजे कडा निकेलपेक्षाही उभा. शिवाय ते सर्किट मीडियम वेव्हच्या रेडिओत अशी खरखर करतं की बातम्या की पाऊस ते कळू नये. माझ्याकडच्या जोडीने तरी केली. हे सेल निकेलच्या चार्जरमध्ये घालू नयेत, त्यांचा चार्जर वेगळा. आणि याच आकाराचे, आत ते सर्किट नसलेले ३.७ व्होल्टचेही मिळतात, ते चुकून आगगाडीत घातले तर आगगाडीची नुसती आग उरायची.

बाबा २०१३ च्या जानेवारीअखेर परत गेले. जाताना मी त्यांच्या बॅगेत चार एनेलूपचं न फोडलेलं पाकीट, एक चार्जर (१००-२४०, बाबांनी चष्मा लावून वाचून खात्री करून घेतली) आणि एक नवी एलईडीची बॅटरी ठेवली. दर दोन-तीन महिन्यांनी फोनवर विचारायचो, "सेल चार्ज करताय ना?" उत्तर यायचं, "हो, हो. व्यवस्थित आहेत सेल." मला बरं वाटायचं.

२०२४ च्या मे महिन्यात कराडला गेलो होतो. वळवाचा पाऊस झाला आणि रीतीप्रमाणे दिवे गेले. बाबा आता पंच्याऐंशीचे. उशाशी हात घालून त्यांनी तीन सेलची ती जुनी बॅटरी काढली. उजेड पिवळा. "आहे अजून आठवडाभर," ते म्हणाले. मी विचारलं, "बाबा, मी दिलेली कुठाय?"

"आहे की. कपाटात."

काचेच्या कपाटात, पाहुण्यांच्या कपबशांच्या मागे, बॅटरी खोक्यात होती. चार्जर प्लास्टिकमध्ये. आणि सेलचं पाकीट जसंच्या तसं, टोकालाही फाडलेलं नाही.

"अहो, अकरा वर्षं झाली! वापरले का नाहीत?"

"चांगले आहेत म्हणून ठेवले. वापरले असते तर खराब नसते झाले?"

मी पाकीट फोडलं. तीन सेल बॅटरीत घातले, मनात काही फारशी आशा नव्हती. अकरा उन्हाळे, तेही कराडचे. बटण दाबलं आणि माजघर पांढरं झालं. घड्याळ लावून बसलो, वीस मिनिटं जळली. मग अपेक्षेप्रमाणे एका क्षणात गेली. रात्री दिवे आल्यावर सेल चार्जरला लावले, पहाटेपर्यंत भरले. बाबा शेजारी खुर्ची टाकून सेलला अधूनमधून बोट लावून बघत होते, गरम होतात का ते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा दिवे गेले. बाबांना परसात जायचं होतं. त्यांनी माझी बॅटरी उजव्या हातात घेतली, लावून बघितली, मान डोलावली. मग डाव्या हातात जुनी तीन सेलची घेतली.

"दोन्ही हातांत बॅटऱ्या," आई आतून म्हणाली, "मग कठडा काय दातांनी धरणार?"